भाजीची रोपं पिवळी पडून खुंटतात? खत घालण्याआधी हे तपासा

रोप लावलं, पहिले पंधरा-वीस दिवस ते झपाट्याने वाढलं आणि मग एकाएकी थांबलं. पानं फिकी झाली, हळूहळू पिवळी पडली, शेंडा बारीक येऊ लागला, आलेली फुलं गळून गेली. खत घातलं, पुन्हा घातलं, फरक नाही. टोमॅटो, मिरची, वांगी, घेवडा, पालक, कशाचंही असं होतं, आणि एकदा झालं की त्याच वाफ्यात किंवा त्याच कुंडीत दर हंगामात होत राहतं.

हा एक दोष मी स्वतःच्या आणि ओळखीच्या लोकांच्या बागांत बरीच वर्षं निस्तरत आले आहे. त्यावरून एवढं खात्रीने सांगते की अशी बहुतेक रोपं उपाशी नसतात, त्यांच्या मुळांना हवा मिळत नसते. आपल्याकडे ‘वाफसा’ असा नेमका शब्द आहे: मातीत ओल आहे, पण चिखल नाही, आणि ढेकळांच्या फटींतून हवा खेळते आहे, अशी अवस्था. चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग मोकळ्या जागेचा असतो, आणि त्यातल्या साधारण अर्ध्या जागेत पाणी व अर्ध्या जागेत हवा असली की वाफसा जमतो. तो मोडला तर कितीही सकस खत घाला, मूळ ते उचलू शकत नाही. खालच्या तपासण्या मी नेहमी याच क्रमाने करते, फुकटात होणाऱ्या आधी आणि खर्चाच्या शेवटी.

लक्षणं: पिवळं नेमकं काय आणि कुठे?

पाच मिनिटं रोपासमोर बसा. पिवळेपणा कुठून सुरू झाला, यावरून अर्धं उत्तर मिळतं.

- खालची जुनी पानं आधी सरसकट पिवळी पडली, तर रोपाला नत्र (नायट्रोजन) मिळत नाही. नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवतं. मातीत नत्र नाही, असा मात्र याचा अर्थ लगेच घेऊ नका.
- शेंड्याची नवी पानं पिवळी पण त्यांच्या शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. लोह एकदा पानात बसलं की तिथून फारसं हलत नाही, म्हणून उणीव नव्या पानावर दिसते. मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल आहे की अल्कधर्मी याचं माप) ७.५ च्या वर गेला किंवा मुळं पाण्यात राहिली की हे होतं.
- जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियमची शंका घ्या.
- पानाच्या कडा आणि टोकं करपलेली, कुंडीच्या काठावर पांढरी पापडी: क्षार साचलेत.
- पानावर सुईच्या टोकाएवढे असंख्य फिके ठिपके: रस शोषणारी कीड.
- फिकट-गडद चट्टे, पान आखडलेलं, सुरकुतलेलं: विषाणू असू शकतो.
- झाडाची एकच बाजू किंवा पानाचा अर्धाच भाग पिवळा: बुरशीजन्य मर रोगाची ही खास खूण.
- पानं हिरवी असतानाच एक-दोन दिवसांत झाडाने मान टाकली: जिवाणूजन्य मर.
- पानं पेल्यासारखी आत वळलेली, शेंडे पिळवटलेले: खतातून किंवा वाऱ्यावरून तणनाशक आलं असण्याची शक्यता.

फळांनी लगडलेल्या मोठ्या झाडाची तळाची दोन-तीन पानं सावलीत जाऊन पिवळी पडतात. ते म्हातारपण आहे, तिथे काही करू नका. थंड मातीत लावलेल्या कोवळ्या रोपांवर जांभळट झाक येते, कारण गार मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही. माती उबदार झाली की ती बहुधा आपोआप जाते.

१. बोट मातीत घाला

झारी उचलण्याआधी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण ५ सेंमी, मातीत खुपसा. वरची माती कोरडी दिसते आणि आत गारगार, चिकट लागते, हे चित्र मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलं आहे. अशा वेळी पाणी घालू नका. दोन दिवसांनी पुन्हा बोट घाला.

ही तपासणी पहिली का, ते समजून घ्या. मुळंही श्वास घेतात. मातीतलं अन्न आत ओढायला त्यांना ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा प्राणवायूशिवाय तयार होत नाही. फटी पाण्याने भरल्या की प्राणवायू संपतो आणि मूळ थंडावतं. त्यातच हवा नसलेल्या मातीतले जिवाणू नत्राचं वायूत रूपांतर करून ते हवेत घालवतात. म्हणजे जास्त पाण्याने दोन्हीकडून नुकसान होतं: मूळ खाऊ शकत नाही आणि खाण्याजोगं होतं तेही उडून जातं. वर दिसतं काय, तर पिवळं, मलूल रोप. ते तहानलेलं वाटतं, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. दर हंगामात तोच दोष येण्याचं कारण बहुतेक ठिकाणी हेच असतं.

भर दुपारी काकडी, भोपळ्याची पानं लोंबतात, तेव्हाही धावू नका. मोठ्या पानांतून पाणी इतक्या वेगाने उडतं की मुळं तेवढ्या वेळापुरती मागे पडतात. संध्याकाळी पानं पुन्हा ताठ झाली तर सगळं ठीक आहे. पहाटेही पानं लोंबलेली असतील तरच काळजी करा, आणि तेव्हा बोट घालून ठरवा की माती कोरडी आहे की चिखल झालाय.

कुंडी असेल तर उचलून वजनाचा अंदाज घ्या. पाणी घातल्यावर एकदा आणि माती कोरडी झाल्यावर एकदा उचललीत की हाताला फरक कळायला लागतो. पाणी घालाल तेव्हा तळातून निथळेपर्यंत घाला आणि मग थांबा. रोज थोडं थोडं शिंपडलं की वरचीच ५ सेंमी माती भिजते, मुळं वरच राहतात आणि एका कडक दिवशी भाजून निघतात.

२. ऊन मोजा

फळभाज्यांना दिवसाचं किमान ६ ते ८ तास थेट ऊन हवं. पालेभाज्या ३ ते ४ तासांवरही निभावतात. सकाळपासून दर तासाला एकदा पाहून वाफ्यावर ऊन आहे की सावली ते कागदावर लिहा. अंदाजाने ठरवू नका, अंदाज जवळजवळ नेहमी जास्तीचा निघतो. शिवाय ऋतू बदलला की सूर्य सरकतो आणि मागच्या हंगामातली उन्हाची जागा या हंगामात भिंतीच्या सावलीत गेलेली असते.

एकोणिसाव्या शतकातले जर्मन रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस फॉन लीबिग यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: जी गरजेची गोष्ट सगळ्यात कमी असते, तीच वाढीची मर्यादा ठरवते. पिंपाची एक फळी आखूड असली की पाणी त्याच फळीवरून सांडतं, तसं. ऊन ही आखूड फळी असेल तर खताची फळी उंच करून काही होत नाही. टोमॅटो हलवा आणि त्या जागी पालक लावा.

३. पान उलटा

मावा, पांढरी माशी, कोळी (घरातला कोळी नव्हे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड), सगळे पानाच्या खालच्या बाजूला असतात. सकाळी लवकर पानं उलटून पाहा. झाड हलवल्यावर बारीक पांढरे कीटक उडाले तर पांढरी माशी. पांढऱ्या कागदावर पान झटकल्यावर पडलेले ठिपके चालू लागले तर कोळी.

उपाय साधा आहे. पाण्याचा जोरदार फवारा खालून वर, दोन-तीन दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा. माव्याला आणि कोळ्याला एवढं बहुधा पुरतं. फवाऱ्याने भागलं नाही तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी मारा. उन्हात मारलं तर पानं करपतात आणि दिवसा मारलं तर मधमाश्यांना त्रास होतो. माव्याभोवती ढालकिडे दिसले तर काहीही मारू नका. ढालकिडे आणि त्यांच्या काळपट, काटेरी अळ्या मावा फस्त करतात, फक्त त्यांना आठवडाभर वेळ द्यावा लागतो.

आखडलेल्या, चट्टे पडलेल्या पानांचं रोप मात्र बरं होत नाही. विषाणूवर औषध नाही. ते उपटून बागेबाहेर टाका. जीव तुटतो, पण एक रोप वाचवताना पांढरी माशी तोच रोग दहा रोपांवर नेते.

४. पाणी बाहेर कसं जातं?

कुंडीच्या तळाची भोकं काडीने मोकळी करून पाहा. मुळांनी किंवा मातीने ती बुजलेली असतात. तळाला खडी घातली असेल तर पुढच्या वेळी घालू नका. खडीमुळे निचरा सुधारतो असा समज आहे, प्रत्यक्षात उलटं होतं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींच्या खडीत सहज उतरत नाही, ते सीमेवर अडून राहतं. त्यामुळे खडीच्या उंचीइतकी ओली पट्टी मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

वाफ्यासाठी ३० सेंमी खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा आणि तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला २.५ सेंमीपेक्षा कमी उतरलं तर निचरा वाईट आहे. अशा जागी खोल खणून माती उलथू नका. ओली चिकणमाती खणली की तिची ढेकळं विटेसारखी वाळतात. जमिनीच्या वर २० ते ३० सेंमी उंच वाफा करा. कंपोस्ट मिसळलेली माती वर रचा आणि खालची माती मोकळी करायचं काम मुळांवर आणि गांडुळांवर सोडा. त्याला एक-दोन हंगाम लागतात.

५. मातीत काय काय घातलंय, ते आठवा

इथे मी थांबून खोदून खोदून विचारते, कारण ‘नैसर्गिक’ म्हणून घातलेल्या गोष्टींनीच कितीदा तरी रोप अडलेलं असतं. मागच्या दोन हंगामांत मातीत जे जे गेलं ते लिहून काढा.

*लाकडाचा भुसा, वाळलेली पानं, नारळाच्या शेंड्या, कागद मातीत मिसळला होता का?* ते कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना कर्बाबरोबर (कार्बनबरोबर) नत्रही लागतं, साधारण २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र. लाकडाच्या भुशात हे प्रमाण काहीशेला एक असतं. मग कमी पडलेलं नत्र सूक्ष्मजीव मातीतून उचलतात आणि रोपाला काही उरत नाही. हाच भुसा, हीच पानं मातीच्या वर पसरली तर ओढाताण फक्त वरच्या पातळ थरात होते, मुळांपर्यंत पोचत नाही. म्हणून माझा नियम: वाळलेलं मातीच्या वर, कुजलेलं मातीत. आधीच मिसळून झालं असेल तर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गवताच्या हिरव्या काप्यांचा पातळ थर वर द्या, एक हंगाम तिथे घेवड्यासारखं शेंगवर्गीय पीक घ्या आणि थांबा. सूक्ष्मजीव मेले की अडकलेलं नत्र पुन्हा मातीत येतं.

*कंपोस्ट पुरतं झालेलं होतं का?* मूठभर ओलसर कंपोस्ट पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाचा मातीचा वास आला तर तयार. आंबूस किंवा डोळ्याला झोंबणारा वास आला तर कच्चं आहे. कच्चं कंपोस्ट कोवळ्या मुळांना भाजतं आणि प्राणवायूही खातं. ताज्या शेणाचंही तसंच. शिवाय त्यात आजाराचे जंतू असू शकतात, त्यामुळे कच्च्या शेणापासून भाजी काढण्यापर्यंत किमान चार महिने जाऊ द्या.

*राख?* राख चांगलीच अल्कधर्मी असते. दर महिन्याला मूठमूठ घातली की सामू चढत जातो आणि लोह मातीत असूनही मुळाला मिळत नाही. *एप्सम सॉल्ट?* मॅग्नेशियमची खरी उणीव नसेल तर ते उलटं नडतं, जादा मॅग्नेशियम कॅल्शियमच्या आड येतं. *अंड्यांची टरफलं?* निरुपद्रवी, पण इतकी सावकाश विरतात की टोमॅटोच्या बुडाला पडणारा काळा डाग त्यांनी या हंगामात जाणार नाही. तो डाग कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याचा असतो आणि त्यामागे बहुतेकदा पाण्याचा अनियमितपणा असतो: आज पूर, चार दिवस दुष्काळ.

*गांडूळखत?* कुंडीच्या एकूण मिश्रणाच्या पाव भागापेक्षा जास्त घालू नका. निव्वळ गांडूळखतात रोप लावलं तर ते दाबून बसतं, पाणी धरून ठेवतं, क्षारही वाढतात. पांढरी पापडी दिसत असेल तर ती खरवडून काढा आणि कुंडीच्या दुप्पट आकारमानाचं पाणी सावकाश ओतून निथळू द्या. नंतर महिनाभर खत बंद.

६. शेणखताची परीक्षा घेवड्यावर

पेल्यासारखी वळलेली पानं दिसली, किंवा नवीन ठिकाणचं शेणखत अथवा पेंढा आणला असेल, तर ही परीक्षा चुकवू नका. काही तणनाशकं, उदाहरणार्थ अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड, गवतावर मारलेली असतात. जनावराच्या पोटातून ती जशीच्या तशी बाहेर पडतात आणि कंपोस्ट होऊनही टिकतात. टोमॅटो आणि घेवडा त्यांना फार हळवे.

तीन कुंड्यांत निव्वळ माती भरा, तीन कुंड्यांत तेवढ्याच मातीत निम्मं शेणखत. प्रत्येकीत घेवड्याचे तीन दाणे पेरा. दोन्ही गट लांब ठेवा, एकाचं निथळलेलं पाणी दुसऱ्यात जाऊ देऊ नका. खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या येईपर्यंत, साधारण तीन आठवडे थांबा. खताच्याच कुंड्यांत पानं आखडली तर ते खत वापरू नका आणि कोणाला देऊही नका. आधीच पसरलं असेल तर त्या वाफ्यात मक्यासारखं गवतवर्गीय पीक घ्या, ते तग धरतं, आणि घेवड्याची परीक्षा पास होईपर्यंत फळभाज्या लावू नका.

७. एक रोप उपटा

इथवर काही सापडलं नसेल तर सगळ्यात वाईट दिसणारं एक रोप खुरप्याने मुळांसकट अलगद काढा आणि पाण्यात धुवा. निरोगी मुळं पांढरी, ताठ असतात. तपकिरी, बोटाने साल सुटणारी, वास येणारी मुळं म्हणजे सड, मग पुन्हा पहिल्या आणि चौथ्या तपासणीकडे जा. कुंडीभर गोल गोल गुंडाळलेली मुळं म्हणजे जागा संपली. टोमॅटोला किमान २० लिटरची कुंडी द्या.

मुळांवर गाठी दिसल्या तर थोडं नीट पाहावं लागतं. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी नखाने सहज सुटल्या आणि फोडल्यावर आत गुलाबी निघाल्या तर आनंद माना, तिथे जिवाणू हवेतलं नत्र बांधत आहेत. मूळच फुगून झालेल्या, न सुटणाऱ्या वेड्यावाकड्या गाठी मात्र सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या. अशी रोपं मुळासकट उपटून फेका, कंपोस्टात टाकू नका. वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाच्या काळात वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरा आणि ४ ते ६ आठवडे ठेवा. किंवा पूर्ण हंगाम तिथे दाट झेंडू लावा. एखाददुसरं झेंडूचं झाड कडेला लावून सूत्रकृमी जात नाहीत.

मान टाकलेल्या झाडासाठी बुंध्याजवळचा खोडाचा बोटभर तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगता ठेवा. काही मिनिटांत दुधासारखे धागे उतरले तर जिवाणूजन्य मर. धागे नाहीत, पण खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या तर बुरशीजन्य मर. दोन्हींवर उपचार नाही. झाड काढा, अवजारं धुवा आणि त्या जागी टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा यांपैकी काहीही किमान ३-४ वर्षं लावू नका. ही चारही एकाच कुळातली आहेत.

८. माती परीक्षण

आता खर्च करायला हरकत नाही. बागेतल्या १०-१२ जागांहून १५ सेंमी खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र मिसळा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश (पोटॅशियम) तपासून मागा. खत घातल्यावर लगेच नमुना घेऊ नका, आकडे फसवे येतात.

दुरुस्तीनंतर मी वाफा कसा ठेवते

खणणं बंद. वर्षातून एकदा २-३ सेंमी कंपोस्टचा थर, त्यावर ५ ते ८ सेंमी पेंढा किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं लांब. आच्छादनाखाली माती तापत नाही, पावसाच्या मारानं घट्ट होत नाही आणि ओल इतकी टिकते की पाणी निम्म्यावर येतं. काढणी झाली की झाड उपटत नाही, जमिनीलगत कापते, रोगट असेल तेवढंच उपटते. मुळं तिथेच कुजतात आणि त्यांच्या वाटांनी पुढच्या पिकाला हवा मिळते. वाफ्यात पाय टाकायचा नाही, हा घरातल्या सगळ्यांसाठी नियम. एका पावलाने दबलेली जागा मोकळी व्हायला पूर्ण हंगाम जातो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पाऊस नसताना, पाणी न घालताही वाफा ओला राहत असेल किंवा मातीला सांडपाण्याचा वास येत असेल, तर जमिनीखालची नळी फुटलेली असू शकते. प्लंबरला बोलवा आणि तिथली भाजी खाऊ नका.

जुन्या रंगाचे पोपडे पडणाऱ्या भिंतीलगत, रहदारीच्या रस्त्याकडेला किंवा पूर्वी कारखाना, गॅरेज असलेल्या जागेवर बाग असेल, तर शिशासाठी मातीची वेगळी तपासणी करून घ्या. नेहमीच्या माती परीक्षणात शिसं येत नाही आणि झाडाच्या रंगावरूनही कळत नाही. अहवाल येईपर्यंत पालेभाज्या आणि कंदमुळं तिथे नकोत, मुलांना त्या मातीत खेळू देऊ नका.

एकाच आठवड्यात वेगवेगळ्या कुळांतली झाडं एकदम पिळवटली, किंवा मर रोग दुसऱ्या-तिसऱ्या वाफ्यात पसरला, तर स्वतः औषधं मारत बसू नका. आजारी रोपाचे मुळांसकट फोटो काढा, ताजा नमुना कागदात गुंडाळून कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या रोगनिदान केंद्रात न्या. पूर्ण मेलेलं झाड नेऊ नका, त्यावर नंतर आलेल्या बुरशा मूळ रोग झाकून टाकतात. नुकतंच आजारी पडलेलं न्या, आणि वर सांगितलेली ‘मातीत काय काय गेलं’ ही यादी सोबत ठेवा. पहिला प्रश्न तोच विचारला जातो.